इद्रीसला दाखवायला नेलं

प्रवासवर्णन लिहायचं तर माणूस निदान विमानात तरी बसलेला असावा, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी बसलेलो नाही. माझा प्रवास बीडहून पाटोद्याच्या पुढच्या आमच्या गावापर्यंतचा, तोही स्वतःच्या जुन्या मोटारीने, शनिवारी जाऊन रविवारी परत. या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही असं आमचेच लोक म्हणतात, आणि मीही आजवर काचेबाहेर न बघताच जात-येत आलो. या खेपेला मात्र खरा लांबचा प्रवासी माझ्या शेजारी बसला होता. तो सुदानचा, नाव इद्रीस. त्याच्यामुळे मला माझाच जिल्हा बघायला मिळाला. त्यात मी स्वतः कसा दिसलो ते आठवलं की अजूनही मान वर होत नाही.

मी बीडच्या एका फार्मसी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. इद्रीस आमचा पहिला आणि अजून तरी एकमेव परदेशी विद्यार्थी. कुणा एजंटाने त्याला मोठ्या शहरातलं कॉलेज म्हणून आमचं कॉलेज गळ्यात मारलं. आला त्या दिवशी बसस्थानकाबाहेर उभा राहून त्याने मला विचारलं होतं, की शहर इथून किती लांब आहे. मी हसलो होतो. पुढे तो शहरही शिकला आणि भाषाही. भाषा त्याने वर्गात नाही उचलली. जुन्या वस्तीतल्या चहाच्या टपरीवर आणि खोलीतल्या पोरांकडून उचलली. त्यामुळे तो आमच्यासारखं पुस्तकी बोलत नाही. अस्सल बीडचं बोलतो.

त्याच्या देशात लढाई पेटली. वडिलांचा पत्ता नाही. आई आणि बहिणी सरहद्द ओलांडून इजिप्तला गेल्या. म्हणजे परत जायला घर उरलं नाही, आणि इकडे राहायचं तर घर मिळेना. ज्या जुन्या घरात तो चार-पाच पोरांबरोबर राहायचा ते घर मालकाने विकलं. बाकीची पोरं मामा-मावशीकडे पांगली. याला कुठला मामा? परदेशी भाडेकरू म्हटलं की घरमालकाला पोलीस ठाण्यात माहिती द्यावी लागते, म्हणून सगळ्याच वस्त्यांतले मालक हात जोडायचे. आणि राहण्याचा पत्ता दाखवला नाही तर त्याचा इथला परवाना पुढे वाढणार नव्हता. शेवटचं वर्ष उरलेलं. आमच्या लॅब असिस्टंटच्या खोलीत तो पथारी टाकून झोपायचा, पण तिथेही फार दिवस चालण्यासारखं नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. माझ्या घराची वरची खोली रिकामी होती. मुलगा पुण्याला नोकरीला लागल्यापासून तिथे कुणी राहत नाही. कॉट आहे, पंखा आहे, कॉलेज पायी जाण्याइतकं जवळ. इद्रीसचं घर सुटलं तेव्हा मी मोठ्या मनाने त्याची बॅग त्या खोलीत ठेवून घेतली. कपडे लागले की तो यायचा, जिन्याने वर जायचा, कपडे घेऊन जायचा. बॅगेला जागा दिली, माणसाला दिली नाही. का, तर गल्ली काय म्हणेल. शेजारचे निवृत्त साहेब काय म्हणतील. बायकोला आवडायचं नाही, असंही मी मनात धरून ठेवलं होतं. तिला विचारलं मात्र नव्हतं.

त्याऐवजी मला अण्णांची आठवण झाली. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. गावाकडे बागायत, एकदा पंचायत समितीवर निवडून आलेले, अजूनही त्यांच्या ओसरीवर चार माणसं असतातच. पोरांच्या शिक्षणासाठी त्यांनी बीडला दोन खोल्या घेतल्या होत्या, त्या पोरं मोठी झाल्यावर कुलूप लावून पडलेल्या. मी फोन केला. अण्णा म्हणाले, माणूस बघितल्याशिवाय खोली देत नाही, घेऊन ये त्याला. मी इद्रीसला म्हटलं, चल, तुला दाखवून आणतो. त्याला वाटलं, गाव दाखवणार आहे.

मांजरसुंब्याच्या पुढे

आधी घाट चढलो. मांजरसुंब्याला आम्ही चहा-भजी घेतली. तिथून पाटोद्याच्या रस्त्याला लागलो तसा तो काचेला नाक लावून बसला. दोन्हीकडे डोंगराचे उघडे माथे, मधूनच सीताफळीची झुडपं, आणि सपाटीला लागलं की ज्वारी. पोटरीतून निघून कणसं दुधावर आलेली. त्याने मला गाडी थांबवायला लावली.

मला वाटलं, पोटात कालवलं असेल. तर हा उतरून बांधावर जाऊन उभा. एक कणीस हातात धरून वाकवून बघितलं, तोडलं नाही. मग म्हणाला, "सर, हे आमचंच हाय. आमच्या घरी रोज हेच खातेत."

मला रसायनशास्त्र येतं, पण सुदानात ज्वारी खातात हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षं हा पोरगा माझ्या वर्गात बसला, आणि तो घरी काय खातो हे मी कधी विचारलं नव्हतं. तो सांगत राहिला. पीठ आंबवायचं, तव्यावर कागदासारखं पातळ पसरायचं. त्याची आई हातानेच पसरते, बोटं भाजत नाहीत. भाकरी थापायला आपल्याकडे हात जाड लागतो आणि त्यांच्याकडे हलका, एवढाच काय तो फरक.

गावात शिरताना त्याने विचारलं, एवढ्या घरांना कुलपं का आहेत. मी सांगितलं, माणसं ऊस तोडायला गेली आहेत, दिवाळीनंतर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. तिथे राहतात कुठे? मी म्हटलं, कोपीत. उसाच्या फडाजवळ पाचटाची झोपडी घालतात, तिला कोपी म्हणतात. तो थोडा वेळ कुलपं मोजल्यासारखा बघत राहिला. मग म्हणाला, "त्यांना बी खोली कुणी देत न्हाई का, सर?"

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

ओसरीवर

आमच्याकडे मुलगी बघायला जातात तेव्हा जे जे होतं ते सगळं त्या दुपारी झालं. फरक एवढाच की बघायला बसलेले होते अण्णा आणि त्यांची चार माणसं, आणि दाखवला जाणारा होता सहा फुटांहून उंच, काळाभोर, शांत पोरगा, ज्याचं कपाळ आत शिरतानाच दाराच्या चौकटीला दाणकन आपटलं होतं. सतरंजीवर त्याला मधे बसवलं. मी मध्यस्थासारखा बाजूला बसलो. मुलीच्या मामाला घाम फुटावा तसा मला फुटला होता.

अण्णांनी विचारायला सुरुवात केली. नाव काय. गाव कोणतं. भाऊ किती, बहिणी किती. शेती किती. इद्रीस एकेका प्रश्नाला नीट उत्तर देत होता. शेती कालव्याच्या पाण्यावर आहे म्हटल्यावर ओसरीवरची माणसं सावरून बसली.

"बारा महिने पाणी?" अण्णांनी विचारलं.

"होय अण्णा. नदीचं."

"मग बारमाही पाणी सोडून आमच्या ह्या वाळवंटात कावून आलास बाबा?"

"तिकडं गोळीबार चालू हाय," इद्रीस म्हणाला. "पाणी हाय, पण शेतात जाता येत न्हाई."

एकाने तंबाखू मळायची थांबवली. मला खरं म्हणजे त्या क्षणी बरं वाटलं, की चला, मुलगा पसंत पडतोय. दुसऱ्याचं दुःख खोली मिळवायला उपयोगी पडतंय म्हणून मी खूश झालो होतो, हे आता लिहिताना कळतं.

मग चहा आला. वहिनींनी आम्हा सगळ्यांना कपबशीतून दिला. इद्रीसला कागदाच्या कपात. लग्नाकार्यात वापरून फेकतात तसला कप. तो फक्त त्याच्यासाठी कुठून शोधून काढला कोण जाणे. पूर्वी असल्या माणसासाठी वेगळी कपबशी वळचणीला ठेवलेली असायची. आता तेवढाही त्रास नाही, प्यायचा आणि फेकायचा. मी बघितलं. अण्णांनी बघितलं. इद्रीसने तर बघितलंच. माझ्या हातात कपबशी होती, ती मी खाली ठेवून मलाही कागदाचाच द्या म्हणू शकलो असतो. एवढंच करायचं होतं. चहा गार होईल म्हणून मी तो पिऊन टाकला.

इद्रीसने कप संपवला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मी नंतर विचारलं तर म्हणाला, ओसरीवर टाकायला बरं दिसत नाही.

हुरडा

रविवारी सकाळी अण्णांनी रानात हुरडा ठेवला होता. ज्यांनी कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोवऱ्या पेटवून खड्ड्यात आगटी करायची, तिच्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, आणि गरम असतानाच तळहातावर चोळून दाणे काढायचे. फुंकर मारली की कोंडा उडतो. मग शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, जवळ असतील तर बोरं. बीडात राहून माझे हात मऊ झालेत. मी दोन कणसं चोळली आणि फोड आल्यासारखे हात झटकत बसलो. सगळे हसले, मीही हसलो.

इद्रीस वहिनींच्या समोर बसून चोळत होता. त्याच्याकडेही कोवळं कणीस भाजून खातात. वहिनी त्याला कणीस द्यायच्या, तो चोळून दाणे परत त्यांच्याच ताटलीत टाकायचा. तुझी आई कुठे असते, त्यांनी विचारलं. त्याने सांगितलं. ती तिथे काय करते? लोकांच्या घरी स्वयंपाक करते, तो म्हणाला. भाकरी करते का? तिथे गव्हाची करावी लागते, ज्वारी मिळत नाही. वहिनी म्हणाल्या, मग तिला करमत नसेल. एवढंच त्यांचं बोलणं झालं. त्यात ना लढाई आली ना परवाना.

घरी आल्यावर पुन्हा चहा झाला. या वेळी इद्रीसला कपबशीतून आला. वहिनींनी तो त्याच्या हातात दिला आणि त्या आत गेल्या. मी शिकलेला माणूस, दोन वर्षं त्याचा सर. मला जे दोन वर्षांत जमलं नाही ते त्या बाईला एका रात्रीत जमलं होतं. लाज वाटली. पण वहिनींसमोर लाज वाटणं सोपं होतं, कारण त्यांना ती दिसत नव्हती. खरी वेळ अजून यायची होती.

चहा झाल्यावर अण्णांनी आतून किल्ली आणवली. बीडच्या खोल्यांची, दोरीत ओवलेली. ती त्यांनी सतरंजीवर स्वतःसमोर ठेवली. ओसरीवर आता आम्ही तिघंच होतो.

"पोरगं चांगलं हाय," अण्णा मला म्हणाले. "खोली द्यायला माझी ना न्हाई. पोलिसात काय सांगायचं ते मी सांगतो, ते मला जमतं. पण दिनू, एक सांग. तुझी वरची खोली रिकामी हाय. तितनं कॉलेज जवळ. मग ह्याला माझ्यापस्तोर कावून आणलंस?"

मला याची कल्पना यायला हवी होती. सारा जन्म ज्यांनी लोकांची भांडणं आणि बांधाचे वाद मिटवले, त्यांना हे दिसणार नव्हतं का? इद्रीस माझ्याकडे बघत नव्हता. तो किल्लीकडे बघत होता.

मी म्हणालो, "वर काम काढलंय अण्णा. छत गळतंय."

अण्णांनी ओसरीबाहेर बघितलं. कोरडं, लख्ख ऊन. "जानेवारीत गळतंय?" ते म्हणाले.

पाण्याचा टँकर येतो त्या जिल्ह्यात माझं छत जानेवारीत गळत होतं. दुसरी थाप शोधत मी सतरंजीची दशी ओढत राहिलो. अण्णा काही बोलणार तेवढ्यात इद्रीस म्हणाला, "हाय अण्णा, काम चालू हाय. मी बघितलंय. वर सिमेंटची पोती टाकलीत, माझी बॅग बी कोपऱ्यात सरकवून ठेवलीय. सरांनी लई हाल सोसून ठेवलीय ती."

त्याने हे इतक्या सरळ आवाजात सांगितलं की क्षणभर मलाही वर पोती दिसली. अण्णा त्याच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांना खरं काय ते कळलं होतं, यात मला शंका नाही. त्यांनी किल्ली उचलली आणि माझ्या हातात न देता इद्रीसच्या हातात दिली.

"काम झालं की मला कळव रं," ते मला म्हणाले.

परत

सौताड्याचा धबधबा दाखवायचं मी जाताना कबूल केलं होतं, पण त्यासाठी वाट वाकडी करावी लागली असती, आणि या दिवसांत तिथे पाणीही नसतं. तेवढं निमित्त मला पुरलं. वहिनींनी इद्रीसला ज्वारीच्या पिठाची पिशवी बांधून दिली होती, ती त्याने सबंध रस्ता मांडीवर धरली. मला त्याला खोटं का बोललास असं विचारायचं होतं. त्याऐवजी मी पुढच्या ट्रकला शिव्या घालत राहिलो.

माझ्या दारात गाडी थांबवली. बॅग घेऊन येतो म्हणून तो जिन्याने वर गेला. मी खालीच उभा राहिलो. वर जायचं धाडस झालं नाही. त्याला बॅग उचलायला जेवढा वेळ लागावा त्याहून जास्त लागला. उतरून आला तेव्हा म्हणाला, "मॅडमना माझं धन्यवाद सांगा, सर." कशाबद्दल ते मला कळलं नाही. पिठाची पिशवी एका हातात, बॅग दुसऱ्या हातात, असा तो अण्णांच्या खोलीकडे चालत गेला. मी सोडायला येतो म्हटलं, तर नको म्हणाला, जवळच आहे.

मग मी वर गेलो. कॉटवर गादी घातलेली होती. तिच्यावर नवी चादर, जी दिवाळीत घेतली आणि पाहुण्यांसाठी म्हणून कपाटात ठेवली होती ती. उशाशी तांब्या-भांडं. खिडकीत मच्छर अगरबत्तीचं डबडं. चादरीवर कुणी बसलेलंसुद्धा नव्हतं. पायथ्याशी एक कोपरा विस्कटला असावा, तो नीट आत खोचलेला होता. तो इद्रीसने आत्ताच खोचला असणार.

खाली येऊन बायकोला विचारलं, हे कधी केलंस. ती कणीक मळत होती. म्हणाली, "बॅग आली त्याच दिवशी. मला वाटलं, बॅग आली म्हणजे पोरगं पण येणारच. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मी पण विचारलं नाही. कपडे न्यायला यायचा तेव्हा दर वेळी बघून जायचा तो."

म्हणजे तो दर वेळी ती चादर बघत होता. वाट बघत होता की सर आज म्हणतील, उद्या म्हणतील. आणि ज्या वेळी अण्णांनी विचारलं, तेव्हा ती चादर आणि तो तांब्या माहीत असूनसुद्धा त्याने माझ्यासाठी तिथे सिमेंटची पोती टाकली. मी त्याला खोली दिली नव्हती. त्याने मला माझी अब्रू झाकायला दिली. आणि मी ती घेतली, हे सर्वांत वाईट.

इद्रीस आता अण्णांच्या खोलीत राहतो. परवाना पुढे वाढला. कॉलेजच्या व्हरांड्यात भेटला की घरी सगळं ठीक का विचारतो. वरच्या कामाबद्दल कधीही विचारत नाही. ते अण्णा विचारतात, दर फोनला, पाऊसपाणी आणि भावकी झाली की सगळ्यात शेवटी. "काम झालं का रं?"

चालू आहे, असं मी सांगतो. स्वयंपाकघरातून बायको ऐकत असते.